जिमी पेजचं इक्विनॉक्स: दुकान बंद, रिव्ह्यू चालू

१९७९ साली बंद पडलेल्या दुकानाचा रिव्ह्यू आत्ता कोण लिहितं असं विचाराल, तर मी लिहितेय. ते बंद झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण ज्याच्या जिवावर हे लिहितेय तो माझा मामा तिथे तीनदा जाऊन आलाय आणि एकदा तर रोख पैसे मोजून पुस्तकही घेऊन आलाय, म्हणजे हे नुसतं ऐकीव नाही, गिऱ्हाइकाचा अनुभव आहे. ते पुस्तक आज आमच्याकडे नाही ती गोष्ट वेगळी, त्यावर पुढे येतेच.

दुकानाचं नाव इक्विनॉक्स. पत्ता ४, हॉलंड स्ट्रीट, केन्सिंग्टन, लंडन. मालक जिमी पेज, हो, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला, तोच. माल म्हणजे जादूविद्या, टॅरो, ज्योतिष, कबाला (ज्यूंची गूढविद्या) आणि अर्थातच अलिस्टर क्रोली, जादूविद्येवर लिहिणारा बदनाम इंग्रज, ज्याचं नाव काढल्याशिवाय पेजवरच्या गप्पा पाच मिनिटंही चालत नाहीत. (उच्चार क्रोलीच, क्राउली नाही. मामा याबाबतीत फार कडक आहे, चुकीचं म्हटलं की वाक्य मध्येच तोडतो.) नावसुद्धा क्रोलीकडूनच घेतलेलं. तो १९०९ पासून १९१३ पर्यंत याच नावाचं एक जाडजूड नियतकालिक काढायचा, वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमाराला, आणि त्यावर ब्रीदवाक्य असायचं की आमची पद्धत विज्ञानाची आणि ध्येय धर्माचं. इतका मोठा दावा केन्सिंग्टनमधल्या एका लहानशा दुकानाने खांद्यावर घ्यायचा म्हणजे जरा जास्तच होतं, पण सत्तरचं दशक होतं, चालायचं.

आता मामाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. मामा १९७४ मध्ये चार्टर्ड अकाउंटन्सीच्या आर्टिकलशिपसाठी लंडनला गेला. अर्ल्स कोर्टात एका खोलीत तिघं, नाणं टाकलं की चालणारा गॅसचा मीटर, बाथरूम जिन्यावर, आणि तिघांनी वर्गणी काढून घेतलेला एक सेकंडहँड रेकॉर्ड प्लेअर. झेपेलिनची तिसरी एलपी त्यांच्याकडे होती, १९७० मधली, सुरुवातीच्या छपाईतली, आणि एके रात्री रूममेटने ती बल्बखाली तिरकी धरून मामाला दाखवली. गाणी जिथे संपतात आणि लेबल जिथे सुरू होतं त्या मधल्या काळ्या गुळगुळीत कड्यावर हाताने कोरलेली बारीक अक्षरं होती. सरळ बघितलं तर काहीच नाही, प्रकाश बाजूने पडला की उमटतात. क्रोलीचंच वाक्य, तुला जे करावंसं वाटतं तेच कर अशा अर्थाचं. मामा म्हणतो, "अगं, मला त्याचा अर्थबिर्थ काही कळला नाही, पण आपल्या रेकॉर्डवर कोणीतरी आपल्यासाठी चोरून चिठ्ठी लिहून ठेवलीये असं वाटलं." त्या दिवसापासून मामा गेला कामातून.

मग १९७५ च्या मे महिन्यात झेपेलिन त्याच्या अक्षरशः गल्लीत आले. अर्ल्स कोर्टच्या हॉलमध्ये पाच रात्री, १७, १८, २३, २४ आणि २५ मे, दर रात्री साधारण सतरा हजार माणूस. मामा शेवटच्या रात्री गेला. तीन तासांच्या वर कार्यक्रम चालला, खोली पाच मिनिटांच्या अंतरावर असूनही तो पहाटेपर्यंत रस्त्यावरच फिरत राहिला कारण कान इतके वाजत होते की झोप लागणार नाही हे त्याला माहीत होतं. त्यानंतर ऑफिसात एका लेजरमध्ये त्याने डेबिटच्या जागी क्रेडिट केलं, ते अजून सांगतो.

दुकानात पहिल्यांदा गेला तो १९७७ च्या जानेवारीत. अर्ल्स कोर्टहून हाय स्ट्रीट केन्सिंग्टन ट्यूबने एकच स्टेशन आहे, पण तिकिटाचे पैसे वाचवायला हा पठ्ठ्या चालत गेला, थंडीत, पायात साधे बूट. केन्सिंग्टन चर्च स्ट्रीटला लागायचं, कोपऱ्यावर सेंट मेरी अ‍ॅबट्सचं उंच टोकदार शिखर, थोडं वर गेलं की डावीकडे हॉलंड स्ट्रीट सुटते. अरुंद, शांत, जुन्या विटांची घरं. त्याची अपेक्षा काय होती? फॅन मंडळींनी डोक्यात जे भरलं होतं तेच. काळे पडदे, कवटी, मेणबत्त्या, तळघरात काहीतरी चालू असणार, पेजने सैतानाशी करार केलाय आणि हे त्याचं ब्रँच ऑफिस. प्रत्यक्षात निघालं काय तर एक नीटनेटकं पुस्तकांचं दुकान. मामा म्हणतो पहिली भावना निराशेची होती आणि दुसरी भावना सुटकेची, म्हणजे आपण भेकड आहोत हे त्याला तिथेच कळलं.

सजावट मात्र होती. इजिप्शियन आणि आर्ट डेको असा मेळ. हे ऐकायला विचित्र वाटतं पण त्या भागात तेव्हा तेच वारं होतं. १९७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये तुतनखामेनचं प्रदर्शन झालं होतं, सोळा लाखांच्या वर लोक रांगा लावून बघून गेले, आणि हॉलंड स्ट्रीटपासून चार पावलांवर हाय स्ट्रीटला बिबा नावाचं कपड्यांचं प्रचंड दुकान एका जुन्या आर्ट डेको इमारतीत थाटलं होतं, ते १९७५ मध्ये बंदसुद्धा पडलं. शिवाय मूळ आर्ट डेकोनेही इजिप्तकडून भरपूर उचललेलं आहेच, आणि क्रोलीला त्याचं मुख्य 'दर्शन' झालं ते १९०४ मध्ये कैरोत. तेव्हा पेजने उगाच शायनिंग मारली असं नाही, विचार करून केलेलं होतं. ज्या माणसाने १९७२ मध्ये जवळच्याच मेलबरी रोडवर विल्यम बर्जेसचं टॉवर हाउस विकत घेतलं, म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या एका अतिशय झपाटलेल्या आर्किटेक्टने स्वतःसाठी बांधलेलं घर, त्याला भिंतीवर काय शोभतं हे कळत होतंच. सजावटीला माझ्याकडून पूर्ण मार्क, न बघता.

आणि भिंतीवर क्रोलीची पत्रिका. जन्मपत्रिका हो, शब्दशः. ही गोष्ट फॅन लोक नेहमी थरथरत सांगतात, की बघा, सैतानी माणसाचा जन्मतक्ता लावला होता. आपल्या माणसाला मात्र ते वेगळंच दिसतं ना. मामाच्या घरी पत्रिका म्हणजे आजीच्या ट्रंकेत, लाल फडक्यात, गुंडाळी करून, लग्न ठरायच्या वेळी बाहेर काढायची वस्तू. ती चौकोनात तिरक्या रेघा मारलेली, ही गोल, चाकासारखी. आणि तीही मेलेल्या माणसाची! क्रोली १९४७ मध्येच गेलेला. मेलेल्या माणसाची पत्रिका कोणाला जुळवायचीये, असा मामाला प्रश्न पडला, आणि तो बहुतेक जरा जास्त वेळ तिच्याकडे बघत राहिला असणार, कारण शेजारी उभा असलेला एक ओव्हरकोटवाला इंग्रज गिऱ्हाईक त्याला म्हणाला, तुम्ही भारतातले ना, तुमच्याकडचे ज्योतिषी या पत्रिकेबद्दल काय म्हणतील?

मामाला ज्योतिषातलं ओ की ठो कळत नव्हतं. अजूनही नाही. पण बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, परका देश, समोरचा माणूस इतक्या आदराने विचारतोय, मग हा कसला गप्प बसतोय. त्याने आजीच्या तोंडून ऐकलेला एकमेव भारी शब्द काढला, कपाळाला आठ्या घातल्या, बोट त्या चाकावरून फिरवलं आणि गंभीर आवाजात सांगितलं की या पत्रिकेला साडेसाती आहे. मग साडेसाती म्हणजे काय ते समजावलं, शनी, साडेसात वर्षं, अडीच-अडीच वर्षांचे तीन टप्पे, होईल तेवढं वाईट. त्या माणसाने खिशातून वही काढून लिहून घेतलं! काउंटरमागचा माणूसही कान देऊन ऐकत होता म्हणे. मामाला वाटलं आता कुणीतरी जन्मनक्षत्र विचारेल आणि आपली फटफजिती होईल, म्हणून तो घाईघाईने मागच्या शेल्फकडे सटकला. सर्व्हिसबद्दल एवढंच सांगता येईल, की अर्धा-पाऊण तास फुकट पुस्तकं चाळत उभ्या असलेल्या, खिशात दमडी नसलेल्या पोराला कुणी "काय हवंय" म्हणून टोकलं नाही. आजच्या दुकानांत हे सुख कुठे.

पेज दिसला का? नाही. तिन्ही वेळा नाही. फॅन तिथे निम्मे तर याच आशेने यायचे, मामाने एकाला बघितलं, दर दोन मिनिटांनी दाराकडे मान, हातातलं पुस्तक उलटं. पण जरा हिशेब बघा. मामा टॅक्सवाला, त्यामुळे हा भाग तो चवीने सांगतो. तेव्हा ब्रिटनमध्ये कमाईवर वरच्या टप्प्याचा इन्कम टॅक्स होता ८३ टक्के, आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तर ९८ टक्क्यांपर्यंत जायचा. शंभर पौंड व्याज आलं तर दोन पौंड तुमचे. म्हणून अर्ल्स कोर्टच्या त्या पाच रात्री संपल्या आणि झेपेलिनचे लोक टॅक्स वाचवायला देशाबाहेर राहायला लागले. ऑगस्ट १९७५ मध्ये बँडचा गायक रॉबर्ट प्लांटचा ऱ्होड्स बेटावर कार अ‍ॅक्सिडेंट झाला, मग सगळी टूर रद्द, १९७७ मध्ये परत अमेरिका, तिथे असतानाच प्लांटचा लहान मुलगा गेला आणि तीही टूर अर्धवट सुटली. या सगळ्यात दुकानाच्या काउंटरवर बसायला पेजला वेळ कुठून मिळणार होता. मालक नसलेलं दुकान, हे मी याचं सगळ्यात मोठं वजाबाकीचं कारण धरते. किराणा असो की काळी जादू, मालकाची नजर गल्ल्यावर नसली की दुकान हळूहळू झोपतंच.

पण मालाचं काय? पेजने दुकान का काढलं याचं त्यानेच दिलेलं कारण फार साधं आहे, की लंडनमध्ये या विषयाचा चांगला संग्रह असलेलं एकही दुकान नव्हतं आणि त्याला हवी ती पुस्तकं मिळत नव्हती म्हणून तो वैतागला होता. आता हे, माफ कर रे जिमी, तितकंसं खरं नाही. सेसिल कोर्टात वॉटकिन्स तेव्हाही होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. म्युझियम स्ट्रीटवर अ‍ॅटलांटिस होतं, १९२२ पासून. दोन्हीकडे गूढविद्याच मिळायची. मामा दोन्हीकडे गेलेला. मग पेजला काय कमी पडत होतं? मला वाटतं त्याला 'चांगला संग्रह' म्हणजे त्याच्या आवडीचा संग्रह म्हणायचं होतं. हा माणूस साधा वाचक नव्हताच. क्रोलीची हस्तलिखितं, जुन्या आवृत्त्या, वस्तू, सगळं जमवायचा, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर त्याने स्कॉटलंडमध्ये लॉख नेस तळ्याच्या काठचं बोलेस्किन हाउस घेतलं, जे क्रोलीने १८९९ मध्ये घेतलं होतं. पुस्तकं मिळत नाहीत म्हणून दुकान आणि लेखक भेटत नाही म्हणून त्याचं घर! आपण फार तर सही मागतो.

इक्विनॉक्सने स्वतः पुस्तकंही छापली, किती, तर दोन. एक इझाबेल हिकी या अमेरिकन बाईंचं ज्योतिषावरचं पुस्तक, आणि दुसरं १९७६ मधलं, ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप, क्रोलीने १९०४ मध्ये काढलेल्या गोएशियाची, म्हणजे भुतं बोलावण्याच्या जुन्या जादूच्या पोथीची, हुबेहूब प्रत. हेच मामाने घेतलं, तिसऱ्या खेपेला, तीन आठवडे दुपारचं जेवण कापून. आणि मला विचाराल तर या एका पुस्तकात सगळं दुकान आहे. मूळ १९०४ ची आवृत्ती निघाली कुठून, तर प्रकाशनाचा पत्ता बोलेस्किन, फॉयर्स, इनव्हर्नेस. म्हणजे क्रोलीने ज्या घरातून पुस्तक काढलं, त्या घराचा नवा मालक बहात्तर वर्षांनी तेच पुस्तक परत काढतोय. योगायोग पुन्हा बघा, त्या पुस्तकात यादी आहे ती बहात्तर भुतांची, क्रोली वारला तेव्हा त्याचं वय बहात्तर, आणि मामा सध्या बहात्तरचा आहे, हे त्यानेच मला तीन वेळा सांगितलं.

पुस्तक मी नंतरच्या एका आवृत्तीत वाचलंय आणि भीती वाटण्याच्या तयारीने बसले होते, पण ते वाचताना आठवतं काय तर सरकारी गॅझेट. प्रत्येक पिशाच्चाला नंबर, हुद्दा, हाताखाली किती पलटणी, कोणत्या रूपात येतो, कुठलं काम करून देतो, आणि शेजारी त्याचा शिक्का. एक नंबरला बाएल, हुद्दा राजा, पलटणी ६६, कधी मांजर, कधी बेडूक, कधी माणूस बनून येतो आणि माणसाला अदृश्य व्हायला शिकवतो. कुणी औषधी वनस्पती शिकवतो, कुणी भाषा, कुणी हरवलेलं शोधून देतो. आपला मुंजा बिचारा पिंपळावर एकटा, बिनपगारी, यांच्याकडे मात्र पूर्ण सेक्रेटरिएट. आणि क्रोलीची प्रस्तावना तर भन्नाटच, तो सरळ म्हणतो की ही सगळी भुतं म्हणजे माणसाच्याच मेंदूचे तुकडे आहेत. जो माणूस सैतानाचा एजंट म्हणून बदनाम, तोच सांगतोय की बाहेर कोणी नाहीये, जे आहे ते कवटीत आहे. फॅन लोकांनी हे पान वाचलेलं नसतं.

अजून एक गंमत, ही मामाने दाखवली. शीर्षकपानावर भाषांतरकाराचं नावच नाही, त्याजागी छापलंय की हे इंग्रजीत आणलं एका मृत हाताने. काटा येतो की नाही अंगावर? तो हात होता मॅकग्रेगर मेदर्सचा, क्रोलीच्या एकेकाळच्या गुरूचा. आणि १९०४ मध्ये मेदर्स चांगला जिवंत होता, १९१८ पर्यंत जगला. दोघांचं भांडण झालेलं, एवढंच. क्रोलीने त्याला कागदावर मारून टाकला आणि त्याच्याच मेहनतीवर पुस्तक काढलं. हे वाचल्यावर गूढविद्येबद्दलचं माझं बरंचसं भय गेलं, कारण ही माणसं आपल्यासारखीच निघाली, भाऊबंदकीतली.

तर मामाची प्रत. १९७८ च्या उन्हाळ्यात रूममेटने वाचायला मागितली, तोच बल्बवाला, तो सप्टेंबरात खोली सोडून गेला आणि पुस्तक आजतागायत परत आलेलं नाही. हरवलेलं शोधून देणारं पिशाच्च ज्या पुस्तकात आहे नेमकं तेच पुस्तक हरवावं!

आता धंद्याबद्दल, कारण रिव्ह्यूत पैशाला मोल पाहिजेच. मामा म्हणतो, "पहिल्यांदा फॅन म्हणून आत गेलो, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फॅन बाहेर थांबला आणि आर्टिकल क्लार्क आत गेला." त्याने काय केलं, तर अर्धा तास उभं राहून गिऱ्हाइकं मोजली. आत आले सहा, घेतलं एकाने, तेही एक पातळ पुस्तक. जागा केन्सिंग्टनची, लीजवर. माल असा की एकेक पुस्तक वर्षभर हलणार नाही, आणि ज्याला हवं असतं त्याच्याकडे सहसा पैसे नसतात, आमच्या मामासारखे. पैसा गुंतलेला शेल्फात, खर्च रोजचा. मामाचा तेव्हाचा निष्कर्ष, जो त्याने म्हणे वहीत लिहिलाही होता: हे दुकान नाही, हे एका माणसाचं पुस्तकांचं कपाट आहे, फक्त त्याला दरवाजा रस्त्यावर उघडतो.

मला हे वाक्य फार आवडतं आणि माझंही मत तेच आहे. म्हणूनच ते छान होतं आणि म्हणूनच बुडालं. लीज संपलं, पुढे वाढवलं नाही. पेज नंतर बोलला त्याचा मतलब असा, की दुकान नीट चालवायचं तर धंद्याच्या पद्धतीत मोठे बदल करावे लागले असते आणि ते त्याला करायचे नव्हते, त्याला दुकान एक केंद्र म्हणून हवं होतं, बस. बरोबरच आहे. धंद्यात पडायचं म्हणजे मग बर्थडे कार्डं, स्फटिकाचे गोळे, उदबत्त्या, सवलतीचा बोर्ड. त्यापेक्षा बंद केलं. मला यात मानीपणा दिसतो, मामाला बॅलन्स शीट दिसतं, आमचा यावर वाद आहे.

तसं पाहिलं तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या दुकानदारीत इक्विनॉक्सचा नंबर वरचाच लागेल. बीटल्सनी बेकर स्ट्रीटला अ‍ॅपल बुटीक काढलं ते डिसेंबर १९६७ मध्ये, आणि ३१ जुलै १९६८ ला बंद, आठ महिनेसुद्धा नाहीत, शेवटी उरलेला माल लोकांना फुकट वाटला. फ्रेडी मर्क्युरीचा कपड्यांचा स्टॉल तर याच भागात होता, केन्सिंग्टन मार्केटात, पण तो बिचारा तेव्हा स्टार व्हायचा होता, पोटासाठी विकत होता. पेजने चार-पाच वर्षं तग धरला, दोन पुस्तकं छापली, आणि कुणाला फुकट काही वाटलं नाही. टायमिंग मात्र वाईट. १९७७ मध्ये बाहेर रस्त्यावर पंक रॉकवाली पोरं गालात सेफ्टी पिना खुपसून फिरत होती, त्यांच्या लेखी झेपेलिन म्हणजे म्हातारे श्रीमंत डायनासोर, आणि आत शेल्फावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जादू. गंमत म्हणजे टॅक्सचा वरचा दर ८३ वरून ६० वर आला तो १९७९ मध्येच, थॅचरबाई आल्यावर. तोवर दुकानाला कुलूप.

गेल्या वर्षी मी मामाला घेऊन लंडनला गेले तेव्हा हे सगळं परत बघून आलो. चार नंबर आहे जागेवर. पेजची किंवा क्रोलीची आठवण सांगणारी पाटी मला तरी दिसली नाही. त्याच गल्लीत तेरा नंबरवर निळी पाटी आहे, पण ती वॉल्टर क्रेन या चित्रकाराची. मामा चार नंबरसमोर उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाला, "दार इतकं लहान होतं?" मी फोटो काढायला गेले तर म्हणाला, नको, राहू दे. मग आम्ही सेसिल कोर्टात वॉटकिन्सला गेलो. २०१० मध्ये तेही आर्थिक अडचणीत येऊन बंद पडलं होतं, दुसऱ्यांनी चालवायला घेतलं म्हणून वाचलं. तिथे क्रोली आहे, टॅरो आहे, योग आहे, रंगीत दगड आहेत, सगळं आहे. अ‍ॅटलांटिसही चालू आहे आणि मला जास्त तेच आवडलं, जरा घरगुती आहे, विचारलं तर बोलतात. थोडक्यात, इक्विनॉक्सच्या ओढीने लंडनला जाणार असाल तर खरेदी या दोघांकडे करा आणि हॉलंड स्ट्रीटला संध्याकाळी नुसती चक्कर मारा, दहा मिनिटं पुरतात.

स्टार द्यायचे तर माल पाच, मांडणी पाच, मालक भेटण्याची शक्यता शून्य, धंद्याची अक्कल एक, तोही मामाच्या आग्रहाखातर. पुस्तक परत न करणाऱ्या रूममेटला उणे दहा.

परत येताना त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एलिफंट अँड कॅसल नावाचा पब आहे तिथे बसलो. मामा बराच वेळ गप्प होता, बिअरच्या ग्लासावरून बोट फिरवत, अगदी त्या पत्रिकेवरून फिरवलं असेल तसं. मग एकदम म्हणाला, "अगं, जानेवारी सत्त्याहत्तर. त्यात अडीच वर्षं मिळव."

मी मिळवली. एकोणऐंशी.

"पहिली अडीचकी," मामा म्हणाला. "मी उगाच बोललो गं त्या पत्रिकेपाशी." आणि खरंच अपराधी चेहरा करून त्याने अजून एक हाफ पाइंट मागवली.